खाऊ, लाळ आणि दाताची कीड

साखरेने दात किडतात असे सरसकट म्हटले जाते, पण साखर स्वतः दाताचे काहीच बिघडवत नाही. दात पोखरते ते आम्ल, आणि ते तयार करतात तोंडातले जीवाणू. साखर हे त्या जीवाणूंचे अन्न. दात, जीवाणू आणि साखर या तिघांच्या जोडीला चौथी गोष्ट लागते ती म्हणजे वेळ, आणि खाऊचा विचार करताना नेमकी तीच विसरली जाते. किती गोड खाल्ले यापेक्षा ते कितीदा खाल्ले आणि तोंडात किती वेळ राहिले, यावर दातांचे बरेवाईट जास्त अवलंबून असते. पंगतीत हात आखडता न घेता जिलबी खाणारा सुटतो आणि दिवसभर एकेक खडा खडीसाखर चघळणारा अडकतो, तो यामुळेच.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या या खनिजाला हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट म्हणतात. दाढेच्या उंचवट्यावर हे कवच जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असते, खाचांच्या तळाशी तर फारच पातळ. दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांच्या साधारण निम्म्याच जाडीचे असते. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. एनॅमलला ती सोय नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे एकदा पडलेले भोक शरीर स्वतःहून बुजवू शकत नाही. एनॅमलच्या आत डेंटिन हा तुलनेने मऊ थर असतो आणि त्याच्या आत रक्तवाहिन्या व नसा असलेला गर.

दाढेत खरोखरची अळी शिरते, हा समज बॅबिलोनच्या काळापासून जगभर होता. महाराष्ट्रातल्या खेड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड ‘पाडण्याचा’ उपाय चालत आला. युरोपात हेच काम खुरासनी ओव्याच्या बियांकडून करून घेत. तिथे धुरीनंतर पाण्यात दिसणारे पांढरे ‘किडे’ हे त्या बियांमधले कोंब असतात, हे पुढे ध्यानात आले. रुग्णाला मात्र पुरावा डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान मिळत असे. दात कोरून दुखणे घालवण्याचा प्रयत्न त्याहूनही जुना. बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथे हत्याराने कोरलेल्या अकरा दाढा सापडल्या आणि त्या किमान साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दात किडणे हे ऊस-साखरेपेक्षा जुने आहे, धान्याच्या पिठानेही ते होते. मात्र साखर स्वस्त झाल्यावर त्याचे रूप पालटले. १५९८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पॉल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने पहिल्या एलिझाबेथ राणीचे दात काळे असल्याचे लिहून ठेवले आणि त्याचे खापर साखरेवरच फोडले. त्या काळी साखर परवडे ती श्रीमंतांना, म्हणून काळे दातही त्यांच्याकडेच.

किडीचे खरे कारण दाखवून दिले ते विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने. बर्लिनमध्ये काम करताना त्याने उपटलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवून पाहिले. मिश्रण आंबले आणि दात मऊ पडले. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मांडले की जीवाणू पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. १९२४ मध्ये लंडनमध्ये किलियन क्लार्क याने किडलेल्या दातांतून एक जीवाणू वेगळा करून त्याला स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हे नाव दिले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर खाऊ घालण्यात आली. त्यांच्या दातांना कीड लागली नाही. जीवाणू नसतील तर साखर निरुपद्रवी, हे त्यातून पक्के झाले. अर्थात माणसाचे तोंड निर्जंतुक करणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

म्यूटन्सला साध्या साखरेची, म्हणजे सुक्रोजची, विशेष ओढ असते. इतर शर्करांपासूनही तो आम्ल बनवतो. पण सुक्रोज मिळाले की त्यापासून ग्लुकान नावाचा चिकट पदार्थही तयार करतो. या चिकट पदार्थामुळे जीवाणूंचा थर दाताला घट्ट धरून बसतो. सकाळी उठल्यावर जिभेला दातांवर जी बुळबुळीत साय जाणवते, ती हीच. नुसती चूळ भरून ती जात नाही, तिला घासूनच काढावे लागते. राहिलीच तर लाळेतले क्षार तिच्यात साठत जातात आणि तिचे टणक किटण होते, ते मग दंतवैद्याच्या हत्याराशिवाय निघत नाही.

गोड घास तोंडात गेल्यावर पुढे काय होते, ते १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने मोजून दाखवले. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरच्या थराचा सामू, म्हणजे पीएच, काही मिनिटांतच झपाट्याने घसरतो. एरवी तो ६.५ ते ७ च्या आसपास असतो. ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. त्यानंतर लाळ कामाला लागते. तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल मारते, आणि तिच्यातलेच कॅल्शियम-फॉस्फेट दाताच्या पृष्ठभागात परत जाऊन बसते. सामू पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दातांचे खनिज रोज थोडे जाते आणि थोडे परत येते. यात जमेची बाजू भारी राहिली तर दात शाबूत राहतो.

इथेच ‘कितीदा’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. जेवताना दोन पुरणपोळ्या खाल्ल्या काय किंवा एक, घसरण एकदाच होते आणि लाळेला सावरायला पुढचे कित्येक तास मिळतात. उलट सकाळी चहा-बिस्किट, अकराला पुन्हा चहा, दुपारी कुणाच्या वाढदिवसाचा पेढा, चारला चहा, मग गाडीत बसल्यावर लिमलेटची गोळी असा दिवस गेला, तर एकूण साखर कदाचित पुरणपोळीपेक्षा कमीच भरेल, पण सामू वर येतो न येतो तोच पुन्हा खाली ढकलला जातो. कार्यालयांत मोठा कप समोर ठेवून तासभर घोट घोट गोड चहा पिण्याची सवय दातांच्या दृष्टीने अख्ख्या लाडवापेक्षा वाईट.

हे अनुमान माणसांवर पडताळून पाहिले गेले, ते मात्र आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही अशा रीतीने. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये दात किडण्याचे प्रमाण प्रचंड होते. १९३८ मध्ये तिथे सार्वजनिक दंतसेवेचा निर्णय झाला आणि कारण शोधून काढण्याची निकड सरकारला भासू लागली. त्यासाठी निवडले गेले लुंड शहराजवळचे व्हिपेहोल्म हे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचे रुग्णालय. १९४५ पासून सुरू झालेल्या या अभ्यासात पुढे ४३६ रुग्णांना गटांत विभागून वेगवेगळ्या प्रकारे गोड खायला देण्यात आले. काहींना जेवणाबरोबर साखर घातलेले पेय, काहींना गोड पाव, काहींना चॉकलेट. आणि एका गटाला जेवणांच्या मधल्या वेळेत दिवसाला २४ टॉफ्या. या टॉफ्या दाताला चिकटून राहाव्यात अशा मुद्दाम बनवून घेतल्या होत्या. रुग्णांची संमती घेतली गेली नव्हती, ती देण्याच्या स्थितीत त्यांतले बहुतेक नव्हतेच.

१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. जेवणासोबत भरपूर साखर घेणाऱ्यांच्या दातांवर फारसा परिणाम दिसला नाही. टॉफीच्या गटात मात्र नव्या किडीचे प्रमाण सरळ उसळले आणि टॉफ्या बंद केल्यावर ते पुन्हा उतरले. त्या गटातल्या काही जणांना इतके होऊनही कीड लागलीच नाही, ही बाब सहसा सांगितली जात नाही. लाळेचा प्रवाह, दातांची ठेवण, तोंडातले जीवाणू हे सारे माणसागणिक वेगळे असते. ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर गूळ खाल्ला, दात ठणठणीत’ हे खरे असू शकते, पण त्यावरून नियम काढता येत नाही. स्वीडनने मात्र नियम काढला. मुलांना खाऊ आठवड्यातून एकदाच, शनिवारी द्यावा, असा सल्ला तिथल्या आरोग्य यंत्रणेने दिला. ‘शनिवारचा खाऊ’ ही त्या देशातली प्रथा आजही टिकून आहे आणि शनिवारी सुट्या गोळ्यांच्या दुकानांत मुलांची झुंबड उडते. माणुसकीला न शोभणाऱ्या प्रयोगातून निघालेला हा सल्ला शास्त्राला धरून आहे.

आता खाऊच्या प्रकारांकडे वळता येईल. कोणता पदार्थ दाताला चिकटतो याविषयी खाणाऱ्याचा अंदाज बहुधा चुकतो. १९९१ मध्ये अमेरिकेत खाल्ल्यानंतर दातांवर किती अन्न उरते ते प्रत्यक्ष मोजण्यात आले, तेव्हा लोकांना चिकट वाटणारे कॅरॅमल लवकर विरघळून निघून गेले आणि बिस्किटे, क्रॅकर, बटाट्याचे वेफर्स मात्र बराच काळ उरले. पदार्थ बोटाला किती चिकटतो यावरून तो दाढेत किती राहील हे ठरत नाही. साखरेचा पाक पाण्यात विरघळतो, लाळ त्याला वाहून नेते. पिठाचा लगदा विरघळत नाही. लाळेतले अमायलेज त्यातल्या पिष्टाचे हळूहळू माल्टोज करत राहते आणि जीवाणूंना सावकाश पुरवठा चालू राहतो. नुसत्या पिष्टाचा उपद्रव कमी, पिष्ट आणि साखर एकत्र आली की जास्त.

दिवाळीच्या फराळातले शंकरपाळे याचा उत्तम नमुना ठरावेत. मैदा, पिठीसाखर, तुपाचे मोहन, आणि तळल्यावर येणारा खुसखुशीतपणा. दाताखाली आले की त्यांचा भुगा होतो, लाळेत भिजून त्याची लापशी होते आणि पुढचा प्रत्येक चावा ती लापशी दाढेच्या खाचांत ठासून भरतो. या खाचांपैकी कित्येक इतक्या अरुंद असतात की त्यांत ब्रशचा एक केसही शिरत नाही. मुलांच्या दाढांना पहिली कीड बहुतेक वेळा इथेच लागते. त्यावर उपाय म्हणून नव्याने उगवलेल्या दाढांच्या खाचा आधीच पातळ लेपाने बुजवून टाकतात. शंकरपाळ्यांचा दुसरा दोष त्यांच्या डब्यात आहे. गुलाबजाम वाटीत वाढून घेऊन संपवला जातो. शंकरपाळ्यांचा डबा येताजाता उघडला जातो, आणि फराळाचे दिवस चार-पाच असले तरी डबा पंधरा दिवस पुरतो.

जास्त वेळ तोंडात राहणारे पदार्थ वेगळेच. संक्रांतीचा काटेरी हलवा म्हणजे तिळावर किंवा खसखशीवर पाकाचा एकेक थर चढवत केलेला साखरेचा दाणा. चावला तर पटकन संपतो, पण बहुतेक जण तो चघळतात. कडक गोळी, खडीसाखर, काडीवरची कँडी आणि साखरेचे आवरण असलेली बडीशेप यांचेही तेच. बर्फाचा गोळा सरबतात बुडवून बुडवून चोखला जातो, तेव्हा प्रत्येक बुडवणीबरोबर दातांना नवी साखर आणि सोबत लिंबाचे किंवा काला-खट्ट्याचे आम्ल मिळते.

गुळाविषयी महाराष्ट्रात एक हळवा कोपरा आहे. साखर वाईट, गूळ बरा, अशी अनेकांची समजूत असते आणि चहात गूळ घालून लोक निश्चिंत होतात. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार असतात, पण त्याचा मोठा भाग सुक्रोजच असतो आणि जीवाणूंना तेवढाच हवा असतो. मधातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजपासूनही आम्ल होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ज्या ‘मोकळ्या शर्करा’ मर्यादेत ठेवायला सांगितल्या, त्यांत मध आणि फळांचा रस यांचाही समावेश आहे. अख्ख्या फळाचा नाही. संघटनेच्या मते अशा शर्करांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, साधारण सहा चहाचे चमचे. दोन-दोन चमचे साखर घातलेल्या तीन कप चहातच हा हिशेब पुरा होतो. ३०० मिलिलिटरच्या कोलाच्या बाटलीत तर तीसेक ग्रॅम साखर असते.

आंबट खाऊची तऱ्हा निराळी. तिथे जीवाणूंची मध्यस्थी लागत नाही, खाऊतले आम्ल थेट एनॅमलवर काम करते. कैरी, चिंच किंवा आवळे खाल्ल्यावर दात आंबतात, तेव्हा गार पाण्याचा घोटही नकोसा होतो. एखाद्या दिवशीच्या कैरीने काही बिघडत नाही. पण सायट्रिक आम्लाची पूड लावलेल्या आंबट-गोड कँड्या रोज चघळल्या, किंवा कोला दिवसभर घोट घोट घेतला, तर पृष्ठभाग झिजत जातो, दात पिवळसर दिसू लागतात (आतले डेंटिन दिसते म्हणून) आणि कडा पातळ होतात. कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचाही साधारण तेवढाच. ‘डाएट’ कोलात साखर नसली तरी आम्ल असतेच, याचा विसर पडतो. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करणे टाळावे, असे दंतवैद्य सांगतात. मऊ पडलेला थर ब्रशने घासला गेल्यास आणखी झिजतो, म्हणून साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा-पाऊण तास थांबणे बरे.

चिक्कीने होणारे नुकसान बव्हंशी यांत्रिक असते. लोणावळ्याहून आणलेली कडक चिक्की दाढेने फोडताना आधीच सिमेंट भरलेला दात तडकतो, रूट कॅनाल करून बसवलेली कॅप उखडून येते. बर्फाच्या गोळ्यातले सरबत संपल्यावर उरलेला बर्फ कडाकडा फोडण्यानेही एनॅमलला बारीक तडे जातात. शेंगदाण्यांची मात्र बाजू घ्यायला हवी. नुसते भाजलेले शेंगदाणे चावताना लाळ भरपूर सुटते आणि त्यांत जीवाणूंच्या उपयोगाचे फारसे काही नसते. पाकातले दाणे ही सवलत गमावतात.

लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत घातक गोड पदार्थ बहुधा खाऊ म्हणून ओळखलाच जात नाही. तो म्हणजे झोपताना तोंडात दिलेली साखर घातलेल्या दुधाची बाटली. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणेही कमी होते, त्यामुळे दूध दातांभोवती साचून राहते. वरचे पटाशीचे दात हिरडीच्या कडेने आधी किडतात. खालचे पुढचे दात मात्र बऱ्याचदा वाचतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळेच्या ग्रंथी तिथून जवळ असतात. असे वर काळे खुंट आणि खाली स्वच्छ दात दिसले, की दंतवैद्याला बाटलीविषयी विचारावे लागत नाही. मधात बुडवलेली चोखणी आणि रात्री झोपण्यापूर्वी दिलेले गोड औषधी सिरप यांचाही परिणाम याच जातीचा. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते, पण त्यांच्या मुळांशीच कायमचे दात घडत असतात आणि दुधाची दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात सरकून जागा अडवतात.

या सगळ्याला उतारा देणाऱ्याही काही गोष्टी आहेत. चीज आम्ल मारते आणि दाताला कॅल्शियम-फॉस्फेट पुरवते, त्यामुळे जेवणाच्या शेवटी त्याचा एक तुकडा गोड पदार्थानंतरची सामूची घसरण रोखतो. जीवाणूंना आम्ल बनवता न येणारी झायलिटॉल ही शर्करा-अल्कोहोल फिनलंडमधल्या तुर्कू येथे १९७० च्या दशकात तपासली गेली आणि त्यातून झायलिटॉलचे च्युइंगगम पुढे आले. चघळल्याने लाळ सुटते, हा त्याचा निम्मा गुण. फ्लोराइडचा पुरावा याहून भक्कम आहे. ते एनॅमलच्या खनिजात शिरून त्याला आम्लापुढे टिकाऊ बनवते आणि गेलेले खनिज परत बसायला मदत करते. भारतात मात्र याला दुसरी बाजू आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असते. दात घडत असताना लहान वयात असे पाणी पोटात गेल्याने कायमच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. टूथपेस्टमधले फ्लोराइड दातावर लावून थुंकून टाकायचे असते. लहान मुलांना वाटाण्याएवढी किंवा त्याहून कमी पेस्ट पुरते, आणि तिची चव गोड असल्याने ती गिळली जात नाही ना हे पाहावे लागते.

किडीची पहिली खूण काळी नसते. दात वाळवून पाहिला तर हिरडीच्या कडेला खडूसारखा निस्तेज पांढरा ठिपका दिसतो. तिथले खनिज गेलेले असते, पण पृष्ठभाग अजून फुटलेला नसतो. या टप्प्यावर गोडाच्या वेळा कमी केल्या आणि फ्लोराइड मिळाले तर ठिपका तिथेच थांबतो, काही वेळा भरूनही येतो. पृष्ठभाग ढासळला की खड्डा पडतो. कीड डेंटिनमध्ये पोहोचली की ती आडवी पसरते, आणि गार-गरम झोंबू लागते. गरापर्यंत गेली की रात्रीचा ठणका सुरू होतो आणि रूट कॅनाल किंवा दाढ काढणे एवढेच पर्याय उरतात. मधल्या टप्प्यात दंतवैद्य कीड कोरून काढतात आणि सिमेंट भरतात. भरलेला भाग किडत नाही. पण सिमेंट आणि दात यांच्या सांध्यावर जीवाणूंचा थर पूर्वीसारखाच बसतो, आणि बिस्किटांच्या वेळा त्याच राहिल्या तर वर्षा-दोन वर्षांत त्याच दाताची कडा पुन्हा कोरावी लागते.